कोबीला कोरडी आच द्या

कोबी आवडत नाही म्हणणारी माणसं मला जिथे तिथे भेटतात, आणि नेमकं काय आवडत नाही असं विचारलं की सगळी दोनच गोष्टी सांगतात, वास आणि गिळगिळीतपणा. आता हे दोन्ही कोबीत मुळात नसतंच. कच्च्या कोबीचं पान चावून बघा, करकरीत, गोडसर, आणि शेवटी जिभेवर मोहरीसारखा हलका चटका, ह्यात नावडण्यासारखं काय आहे? वास आणि गिळगिळीतपणा आपण नंतर तयार करतो, बारीक चिरून कढईत टाकतो, वर ताटलीत पाणी ठेवून झाकतो, गॅस बारीक करतो आणि दुसऱ्या कामाला लागतो, तेव्हा. परतून पटकन केलेली करकरीत भाजी मला स्वतःला आवडते, चणाडाळ घातलेली तर खूपच, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बऱ्याच घरांत, डब्यांत, मेसमध्ये आणि लग्नाच्या पंगतीत जी कोबीची भाजी मिळते ती अक्षरशः उकडलेली असते आणि मग लोक आयुष्यभर कोबीला नावं ठेवतात.

मी थंडीच्या दिवसांत कोबी ओव्हनमध्ये भाजते. मोठ्या मोठ्या फाका करायच्या, तेल-मीठ लावायचं, कडक आचेवर ठेवायच्या, कडा तांबूस, कुठेकुठे काळ्या होईपर्यंत. एवढंच. आणि जे बाहेर येतं ते तोंडीलावणं म्हणून वरणभाताशेजारी ठेवा, मटणाच्या रश्श्याशेजारी ठेवा, पिठलं-भाकरीबरोबर द्या, लोक पहिले त्यालाच हात घालतात, हे मी माझ्या घरात इतक्यांदा बघितलंय की आता मला त्याचं नवल वाटत नाही, फक्त आनंद होतो.

ह्याच्यामागे कारण काय ते मला समजून घ्यायचं होतं म्हणून थोडं वाचलं. कोबीत शंभरातले साधारण ९२ भाग पाणीच असतं, आणि १०० ग्रॅममागे तीनेक ग्रॅम साखर. म्हणजे गोडवा आहे, पण तो पाण्यात पातळ झालेला आहे. झाकण ठेवलं की हे पाणी जाणार कुठे, ते तिथेच फिरत राहतं आणि भांड्यातलं टेंपरेचर १०० डिग्रीच्या आसपास अडकून बसतं. पदार्थ तांबूस व्हायला, म्हणजे भाकरीच्या पापुद्र्याला, खरपूस बटाट्याला, भाजलेल्या कांद्याला जो रंग आणि जी चव येते ती यायला, १४० डिग्रीच्या पुढची आच लागते. ह्या क्रियेचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामी मेयार ह्यांनी १९१२ मध्ये केलं म्हणून तिला मेयार रिॲक्शन म्हणतात, साखर आणि प्रथिनांचे घटक एकत्र येऊन शेकडो नवे स्वाद तयार होतात. पाणी असेपर्यंत हे जवळजवळ घडतच नाही. ओव्हनमध्ये पाणी वाफ होऊन निघून जातं, साखर एकवटते, कडा कोरड्या पडतात आणि मग तिथे रंग धरायला लागतो.

आणि वासाचं म्हणाल तर ती गोष्ट आणखी सुंदर आहे. कोबी आणि मोहरी एकाच कुळातले. दोघांमध्ये सिनिग्रिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं आणि त्याच पेशीत दुसऱ्या कप्प्यात किंवा शेजारच्या पेशीत त्याला फोडणारं एन्झाइम वेगळं साठवलेलं असतं. पान चिरलं, चावलं, ठेचलं की दोघं एकत्र येतात आणि तो झणका तयार होतो, मोहरी फेसताना नाकात जातो ना, तोच. म्हणजे कोबी जितका बारीक चिराल तितकं हे जास्त. वर तो बराच वेळ पाण्यात शिजवलात की गंधकाची ही द्रव्यं मोडतात आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघायला लागतो, झाकणाखाली कोंडलेला. फाक मोठी ठेवली की चिरलेल्या कडा कमी, आणि वरून उघडी कोरडी आच मिळाली की जो काही वास असेल तो निघून जातो. घरात वास येतो तो भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, खमंग.

आता कृती, आणि ही मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण ह्यात बारकावेच सगळं काम करतात.

गड्डा घेताना हातात तोलून बघायचा. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे, दाबला तर आत जायला नको. किलोभराचा असला तर चार माणसांना तोंडीलावणं म्हणून पुरतो. पावसाळ्यातले गड्डे बरेचदा सैल असतात, त्यांच्या फाका सुटतात, त्यांची भाजीच बरी. वरची दोन-तीन पानं काढायची. मग अर्धा, मग पाव, मग परत अर्धा, अशा आठ फाका, आणि प्रत्येक फाकेला मधला दांडा लागून राहिला पाहिजे, तो कापून टाकायचा नाही. आपल्याकडे दांडा काढून टाकायची सवय असते, पण फाक एकत्र धरून ठेवणारा तोच आणि भाजल्यावर सगळ्यात गोड लागणाराही तोच, मऊ, जवळजवळ शिंगाड्यासारखा.

धुवायचा प्रश्न लोक विचारतात. अळी असेल ही भीती असते आणि ती रास्त आहे. मी फाका मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवते आणि मग चाळणीवर कापलेली बाजू खाली करून चांगला अर्धा-पाऊण तास निथळत ठेवते, वरून स्वच्छ पंच्याने टिपते. हा वेळ वाचवू नका. पानांमध्ये पाणी अडकलं असेल तर ओव्हनचा पहिला अर्धा वेळ ते पाणी घालवण्यातच जातो आणि फाक भाजायच्या ऐवजी उकडते, म्हणजे परत तिथेच आलो.

ओव्हन २२० डिग्रीला प्रीहीट करायचा, आणि नीट करायचा, पंधरा मिनिटं तरी. बऱ्याच छोट्या ओटीजींचा काटा आणि आतलं खरं टेंपरेचर ह्यात फरक असतो, त्यामुळे आपल्या ओव्हनशी ओळख करून घ्यावी लागते, माझा मागच्या उजव्या कोपऱ्यात जास्त तापतो म्हणून मी ट्रे मध्येच एकदा फिरवते. वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, फॅन असेल तर फॅन. फाकांना तेल दोन्ही बाजूंनी हाताने चोळायचं, किलोला तीन मोठे चमचे, कमी घातलंत तर कडा कागदासारख्या होतात. मी शेंगदाण्याचं तेल वापरते. मीठ ट्रे आत जायच्या अगदी आधी, कारण मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. आणि ट्रेवर गर्दी करायची नाही. फाकांमध्ये बोटभर तरी जागा पाहिजे, नाहीतर एकीची वाफ दुसरीला लागते, ओव्हन लहान असेल तर सरळ दोन घाण्यांत करा.

वीस-पंचवीस मिनिटांनी खालची बाजू तांबूस झाली की उलटायच्या, मग आणखी पंधरा ते वीस मिनिटं. सुरी दांड्यात सहज गेली पाहिजे. बाहेरच्या पानांच्या कडा काळ्या पडल्या तर घाबरू नका, तो किंचित कडूपणा गोडाला पाहिजेच असतो. मसाले सुरुवातीला लावायचे नाहीत, लसूण तर नाहीच, एवढ्या आचेवर लसूण करपून कडवट होतो. तिखट, गोडा मसाला, ओवा, जे काही असेल ते थोड्या तेलात कालवून शेवटच्या पाच मिनिटांत ब्रशने लावायचं. किंवा माझी आवडती पद्धत, काहीच लावायचं नाही, बाहेर काढल्यावर तुपात जिरं आणि ठेचलेल्या लसणाची फोडणी करून चर्रकन वर ओतायची आणि लिंबू पिळायचं.

ओव्हन नसेल तर बिडाचा तवा. सावकाश होतं पण होतं. अर्धा गड्डा मावत नसेल तर जाड चकत्या करा, तेल सोडा, मध्यम आचेवर हलवाहलव न करता एका बाजूला पूर्ण रंग येऊ द्या, मग उलटा. एअर फ्रायरमध्येही छान होतो, फक्त फाका लहान कराव्या लागतात. मायक्रोवेव्हच्या नुसत्या मायक्रो मोडवर मात्र करू नका, त्यात पाणीच तापतं.

ओव्हनमधला कोबी म्हणजे काहीतरी परदेशी फॅड असं वाटून घेणाऱ्यांना मी भानोळ्याची आठवण करून देते. माझं सासर सीकेपी, ठाण्याचं, आणि लग्न होऊन आले तेव्हा कोबीचं भानोळं हा पदार्थ मी पहिल्यांदा खाल्ला. कोबी अगदी बारीक चिरलेला, त्यात आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, तिखट, बेसन, नारळाचं घट्ट दूध, सढळ हाताने तेल, आणि वार बघून सोललेली कोलंबी. हे सगळं कालवून भांड्यात थापायचं आणि खालून-वरून आच द्यायची, बाहेरून खरपूस, आतून ओलसर, वड्या पाडून खायचं. पाठारे प्रभूंच्या घरांतही ह्याच्या जवळचा पदार्थ असतो. सासूबाईंना मी आईच म्हणते, त्यांनी सांगितलं की त्यांच्या आईकडे कल्हईचं पितळी पातेलं असायचं, खाली शेगडी मंद आणि वर झाकणात फुललेले निखारे, त्यातले निखारे विझत आले की चिमट्याने बदलायचे. नंतर त्यांच्या स्वतःच्या संसारात झाकणाला काच असलेला तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आला, ज्याच्यात त्या पिढीच्या कितीतरी बायकांनी नानकटाई आणि केक केले, त्यात भानोळं व्हायला लागलं. आणि आता आमचा ओटीजी. पदार्थ तोच, आच तीच, वरून येणारी.

वरून येणारी आच, हे मला त्यांच्याकडून कळलं. गॅसवर आपल्याला फक्त खालून उष्णता मिळते म्हणून आपण झाकण ठेवतो, म्हणजे वाफेने वरचा भाग शिजावा. निखारे वर ठेवणाऱ्या बायकांनी तो प्रश्न वाफेशिवाय सोडवला होता. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर भानोळ्याचं पीठ भिजवत होते आणि सवयीने पाण्याचा हबका मारायला गेले तर त्या म्हणाल्या, "अगं, पाणी कशाला? मीठ लावून दहा मिनिटं थांब, त्याच्यातच भरपूर आहे." त्या एका वाक्यात कोबीचं सगळं शास्त्र आहे असं मला आजही वाटतं.

तसं बघितलं तर भाजणं आपल्याला शिकवायला नको. आगटीत भाजलेला हुरडा, रायगडकडची मडक्यातली पोपटी, वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला घालून, पाणी नावाला नाही. खानदेशात वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून भरीत करतात आणि तो धुराचा वास हीच त्याची चव. मक्याचं कणीस, रताळं, कांदा, पापड, सगळं आपण निखाऱ्यावर टाकतो. फक्त कोबी आणि फ्लॉवर ह्यांना आपण कढईतून बाहेर काढलं नाही. दोन्ही भाज्या बाहेरून आलेल्या, शहरातल्या स्वयंपाकघरांतून पसरलेल्या, शेकोटीशी त्यांची गाठच पडली नसावी असा माझा अंदाज आहे. वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने तर कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही सगळी एकाच जातीची रूपं, ब्रासिका ओलेरेशिया, त्यामुळे कोबीला जे सांगितलं ते फ्लॉवरला आणि नवलकोलालाही तसंच लागू पडतं, करून बघा.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. काका कोबी करतात, पूर्वी गोल्डन एकर ही जात लावायचे, आता हायब्रीड. रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत गड्डा हातात येतो, आणि थंडी चांगली पडली की तो गोड होतो, गारठ्यात झाड पानांत साखर धरून ठेवतं. पुण्या-मुंबईच्या बाजारात तुम्ही जानेवारीत गड्डा घेता तो ह्याच पट्ट्यातला नाहीतर नाशिककडचा असण्याची शक्यता खूप. आणि त्याच जानेवारीत, सगळ्यांचा माल एकदम आला की, भाव इतका पडतो की काढणी आणि गाडीभाडंही सुटत नाही. मग शेतकरी उभ्या पिकात मेंढरं सोडतात किंवा रोटाव्हेटर फिरवतात. मी ते रान बघितलंय. घट्ट, पांढरेशुभ्र, निरोगी गड्डे, आणि त्यांच्यावरून ट्रॅक्टर. काका त्या दिवशी जेवले नाहीत. त्यामुळे कोबीला कोणी "काय ती कोबीची भाजी" असं म्हटलं की मला लागतं, आणि मी हे सगळं इतकं जीव लावून लिहितेय त्याचं एक कारण तेही आहे. एका घराने महिन्यात एक गड्डा जास्त खाल्ला म्हणून भाव वाढत नाही हे मला कळतं. तरीपण जे एवढं चांगलं पिकतं ते चांगलं रांधलं जावं असं वाटतं.

काकांच्या वावरात कोबीच्या मध्येमध्ये मोहरीच्या ओळी असतात. लहानपणी मला वाटायचं घरच्या फोडणीसाठी असतील. तर त्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी. हा पतंग कोबीचा सगळ्यात मोठा शत्रू, त्याच्या अळ्या पानांना चाळणी करतात आणि औषधांनाही लवकर सरावतात. पण त्याला कोबीपेक्षा मोहरी जास्त आवडते, म्हणून कोबीच्या दर २५ ओळींमागे २ ओळी मोहरी लावायची शिफारस आहे, पतंग अंडी तिकडे घालतो आणि फवारणी तिथल्यातिथे करता येते. काका म्हणतात, "पोरी, मव्हरी आधी पेरायची, कोबीच्या आधी पंधरा दिस, म्हंजी तो आला की त्याला ताट वाढलेलं दिसतं."

तेव्हापासून भाजलेल्या कोबीबरोबर मी मोहरीचं दही करते. मोहरी थोड्या मिठाबरोबर खलबत्त्यात कुटायची, थंड पाण्याचे चार थेंब टाकून झणका येईपर्यंत फेसायची, मग घट्ट दह्यात घालायची, चिमूटभर साखर, बस. गरम पाणी घालू नका, त्याने एन्झाइम मरतं आणि झणका येत नाही. गोड, खरपूस फाक आणि वर हे थंड, नाकात जाणारं दही. शेतात एकमेकांशेजारी उभे असतात ते ताटातही शेजारी यावेत असं मला फार वाटायचं, आणि चवीला ते खरोखरच जुळतात. ताटात हे डाव्या बाजूला वाढायचं, लिंबाच्या आणि चटणीच्या जागेजवळ, पण भाजीइतकं सढळ.

गेल्या थंडीत हुरड्याला गावी गेलो होतो. ओव्हन नाही, पण आगटी होतीच, हुरडा काढून झाल्यावर निखारे भरपूर उरले होते, मी काकांना म्हटलं एक गड्डा द्या. अख्खा गड्डा, वरची हिरवी पानं तशीच ठेवून, निखाऱ्यात पुरला आणि वरून राख ओढली. चुलतभाऊ म्हणत होता की कोळसा होईल. तासाभराने बाहेर काढला तेव्हा बाहेरची पानं खरंच कोळसा झाली होती, ती सोलून टाकली, आत एकेक पान मऊ, धुराच्या वासाचं, आणि स्वतःच्याच रसात शिजलेलं. अख्ख्या गड्ड्यात पाणी निघून जात नाही त्यामुळे ओव्हनमधल्या फाकेसारख्या तांबूस कडा मिळत नाहीत, ही चव वेगळी, वांग्याच्या भरिताच्या जवळची. दोन्हींत मला फाकच जास्त आवडते, पण घरातल्या बाकीच्यांचं मत त्या दिवशी उलटं झालं. काकूने घरातून मिरचीचा ठेचा आणला, दाण्याचं कूट आणलं, गड्डा हाताने फोडून त्यावर पसरलं, कच्चं तेल सोडलं, आणि बाजरीच्या भाकरीबरोबर सगळ्यांनी तिथेच बांधावर बसून खाल्लं. काका जास्त बोलत नाहीत. त्यांनी दुसरी भाकरी घेतली आणि विचारलं, अजून निखारे आहेत का, एक घालू का.

आता ठाण्यातही ओव्हनच्या कोबीवर ठेचा आणि कूटच असतं रोजच्या जेवणात, आणि मोहरीचं दही पाहुणे असतील तेव्हा. दुसऱ्या दिवशीसाठी फाका उरल्या तर चिरून थालीपिठात घाला, पाणी कमी लागेल पीठ भिजवताना, तेवढं लक्षात ठेवा.